अलिबाग ते जंजिरा एका दिवसात: आधी तिथी बघा, मग गाडी काढा

पहिल्यांदा गाडी घेऊन अलिबागकडे निघणारा माणूस मोबाइलवर नकाशा उघडतो. अलिबाग ते मुरूड साधारण ५० किलोमीटर, म्हणजे दीड-दोन तासांचं काम. सकाळी अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला, मधे काशिदला डुंबणं, दुपारी मुरूडजवळचा जंजिरा, रात्री घरच्या पलंगावर. बेत चांगलाच आहे. फक्त त्यात समुद्राला कोणी विचारलेलं नसतं. कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर पाणी ओसरलेलं लागतं, आणि जंजिऱ्याच्या होडीत चढायला-उतरायला पाणी भरलेलं असलं तर बरं पडतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. पण ओहोटी आणि भरती यांच्यात साधारण सहा तास असतात, आणि तेवढ्यात हे ५० किलोमीटर वाटेतली ठिकाणं बघत आरामात होतात. दिवसाचा सगळा हिशेब एवढाच.

मी चौलचा. दर सुट्टीत कोणी ना कोणी पाहुणा दारात उभा असतो आणि मला त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसावं लागतं. त्या अनुभवातून हे लिहितोय.

निघण्याआधी: तिथीची पाऊणपट

घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघा. तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणा, येईल ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ती ओहोटीची. आमच्याकडे हे शाळेत शिकवत नाहीत, पण किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला ठाऊक असतं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता भरती आणि ९ वाजता ओहोटी, सकाळीही आणि रात्रीही. पंचमीला ओहोटी पावणेदहाला, सप्तमीला सव्वाअकराला, एकादशीला दुपारी सव्वादोनला. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. हा ठोकताळा आहे, घड्याळ नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तासभरही. म्हणून तारीख ठरली की इंटरनेटवरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून वेळ पक्की करा.

दुसरी गोष्ट, सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा आमच्या किनाऱ्यावर पाण्याची चढ-उतार चार मीटरच्या वर जाते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो. तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, कुलाब्याच्या वाटेवर ऐन ओहोटीलाही गुडघाभर राहू शकतं. पण उधाणाचीही गोम आहे. खडखडीत ओहोटी येते ती पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे तुमच्या सोयीच्या वेळी नाही.

म्हणून नवख्यांना मी सांगतो, चतुर्थी ते षष्ठी यातला दिवस धरा. ओहोटी ९ ते साडेदहाच्या दरम्यान, पाणीही बऱ्यापैकी उतरलेलं. सकाळी कुलाबा, दुपारी तीनच्या सुमाराला भरत्या पाण्यात जंजिरा. एकादशी-द्वादशीला यायचं असेल तर सगळा प्रवास उलटा करा: सकाळी न थांबता थेट राजपुरीला, जंजिऱ्याच्या होड्या सुटतात त्या धक्क्यावर जा, जंजिरा करा आणि दोनपर्यंत अलिबागला परत या. पौर्णिमा-अमावास्येला मात्र कुलाबा किनाऱ्यावरून बघा आणि समाधान माना. संध्याकाळी साडेपाचला किल्ल्यात शिरून अंधारात चढत्या पाण्यातून परतणं हा पराक्रम करू नका. दरवर्षी कोणीतरी करतं आणि मग त्याला होडीतून आणावं लागतं.

आणखी दोन तारखा टाळा. पावसाळ्यात जूनपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत, कधी सप्टेंबरातही, जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी राजपुरीच्या होड्या काही काळ थांबतात, त्यामुळे शुक्रवार असेल तर वेळ आधी विचारून घ्या. ३१ डिसेंबर, होळी आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार यांबद्दल काही बोलायलाच नको.

कुठून शिरायचं

मुंबईहून दोन वाटा. एक सगळी रस्त्याने: शिवडीहून अटल सेतू धरून न्हावा-शेवा, पुढे पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल म्हणजे तुमच्या दिवसातलं पहिलं प्रेक्षणीय स्थळच समजा, पण ते काचेतूनच बघायचं. पुलावर गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांना दंड होतो. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. दुसरी वाट पाण्याने: भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवायची आणि तासाभरात मांडव्याला उतरायचं. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिकीट आधी काढावं लागतं, बोटीच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि त्या तुमच्या ओहोटीशी जुळतीलच असं नाही. गाडी लोखंडी रॅम्पवरून बोटीच्या पोटात नेताना पहिल्यांदा हात थोडे थरथरतात. धक्क्यावरचा माणूस हातवारे करील तसं बघत जा, आरशात बघू नका. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर, रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना बंगलेच बंगले.

पुण्याहून येणाऱ्यांनी खोपोली-पेणवरून वडखळ गाठावं. घरून निघायची वेळ उलट मोजा: ओहोटीच्या दीड तास आधी अलिबागच्या किनाऱ्यावर पाय हवेत. पावणेदहाची ओहोटी म्हणजे सव्वाआठ, आणि सव्वाआठ म्हणजे मुंबईहून साडेपाचला बाहेर. हे जमणार नसेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या.

फेब्रुवारी ते मे या दिवसांत कार्लेखिंडीच्या आसपास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, चवीला गोडसर असतो, कच्चा खावा. पण जाताना घेऊ नका, दिवसभर गाडीत वास घुमतो. परतताना घ्या.

अलिबाग: दोन तास पाण्याचे

टाकी इथेच भरा. किनाऱ्याजवळचा वाहनतळ नऊनंतर भरतो. गाडी लावली की बुटांच्या जागी चपला किंवा सँडल घाला, पट्ट्याच्या. वाटेत दगड आहेत आणि त्यांवर धारदार कालवं चिकटलेली असतात. अनवाणी गेलेला माझा भाचा तळपाय कापून घेऊन आला आणि उरलेला सगळा दिवस गाडीत पाय वर करून बसला.

किनाऱ्यावर घोडागाड्या असतात. लहान मुलं, वयस्कर माणसं सोबत असतील तर घोडागाडी करा. पाणी पोटरीपर्यंत असलं तरी ती जाते. भाडं जाण्या-येण्याचं मिळून आधीच ठरवा आणि परतीची वेळ गाडीवानालाच विचारा, कारण किती वाजेपर्यंत थांबता येईल हे त्याला तुमच्या मोबाइलपेक्षा बरं कळतं.

कुलाबा किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० च्या मार्चमध्ये सुरू करवलं. पुढच्या महिन्यातच महाराज गेले आणि किल्ला संभाजी महाराजांच्या काळात उभा राहिला. तटाजवळ गेलात की हात लावून बघा: मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाही. लाट आपटते, फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. भिंतीने समुद्राशी भांडण घेतलेलं नाही, त्याला वाट दिली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, संध्याकाळी मुरूडला तिची पुन्हा आठवण काढायची आहे.

आत गणेश पंचायतनाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. शेजारी पायऱ्यांची पुष्करणी, तिचं पाणी गोडं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, याचं नवल प्रत्येक पाहुण्याला वाटतं, आणि जंजिऱ्यावर पुन्हा एकदा वाटतं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. बाहेर पडलात की बाजूला छोटा सर्जेकोट दिसेल. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली होती आणि दोघेही हात हलवत परत गेले. तेव्हा इथे कान्होजी आंग्रे होते. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे, बाजारातून दहा मिनिटांत होते. जाऊन या. या जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, रायगड नंतर झालं.

किल्ल्यात तासभर पुरे. ओहोटीच्या वेळेनंतर तासाभराच्या आत वाळूवर परत.

परत आल्यावर किनाऱ्यालगतच एक आवार दिसेल, बहुतेक लोक त्याकडे न बघता भेळेच्या गाडीकडे जातात. ही अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं आणि विजेच्या प्रवाहाने नाजूक उपकरणांची मापं बिघडणार हे उघड झालं. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी वेधशाळा अलिबागला आणली. इमारतीला चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड टाळलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा धागा तुटू नये. जगात इतक्या जुन्या सलग नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत. आत जायचं तर आधी रीतसर परवानगी लागते, एका दिवसाच्या पाहुण्याने बाहेरूनच बघावं. आणि हो, तुमची गाडी म्हणजे लोखंडाचा चालता गोळा. कुंपणाला खेटून लावू नका.

गावात दहा मिनिटं जास्त असली तर इस्रायल आळीतून चक्कर मारा. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, इथे शतकानुशतकं राहिले. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचं सिनेगॉग अजून उभं आहे.

आक्षी, नागाव, चौल: गाडी हळू

अलिबाग सोडलं की रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो, आणि तो रुंद नाही. समोरून एस.टी. आली की डाव्या हाताला थांबा आणि तिला जाऊ द्या. तिच्या चालकाला या रस्त्याचा प्रत्येक दगड माहीत असतो, तुम्हाला नसतो. गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला आरसा घासल्याच्या खुणा तुम्हाला जागोजागी दिसतील, त्या सगळ्या पाहुण्यांच्या गाड्यांच्या.

पाच किलोमीटरवर आक्षी. इथल्या शिलालेखासाठी गाडीतून जरूर उतरा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असं त्याचं वाचन मान्य करणारे त्याला मराठीतला सर्वांत जुना शिलालेख मानतात. ते वाचन न मानणारेही अभ्यासक आहेत. वाद काहीही असो, आपली भाषा दगडावर इतकी जुनी उभी आहे आणि शेजारून केळ्याच्या वेफर्सच्या पिशव्या घेऊन गाड्या भुर्रकन जातायत, हे चित्र मला दर वेळी गमतीचं वाटतं. गावात कोणालाही विचारा, दाखवतील. दहा मिनिटं लागतात.

नागावला जेवण सांगून ठेवायचं तर सांगा, पण मी म्हणेन पुढे मुरूडला जेवा, नाहीतर सुस्ती येते आणि जंजिरा हुकतो. इथे शहाळं प्या. किनाऱ्यावर पाण्याच्या खेळांचा गजबजाट असतो, आजच्या दिवसात त्याला वेळ नाही.

चौल माझं गाव, म्हणून मी इथे जास्त बोलेन अशी भीती पाहुण्यांना असते. एकच देऊळ दाखवतो, रामेश्वर. मंडपाच्या फरशीखाली पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत. पाऊस ओढला की पर्जन्यकुंड उघडायची चाल होती. समोर पुष्करणी आहे, सावली आहे, पंधरा मिनिटं बसा. दत्ताचा डोंगर मात्र आज नको, पायऱ्या चढण्यात तासभर जातो. हे एके काळचं नामांकित बंदर होतं, अरबस्तानातून घोडे उतरत होते, यावर आज वाड्यांतली शांतता बघून विश्वास बसत नाही.

रेवदंडा ते साळाव: किल्ल्यातून गाडी, पुलावरून कारखाना

रेवदंड्यात गंमत अशी की तुम्ही किल्ला शोधत असता आणि गाडी किल्ल्यातच असते. पोर्तुगीजांनी सगळ्या वस्तीभोवती तट घातला होता आणि आजचा रस्ता त्याच तटाला भेदून जातो. आत सातखणी मनोरा आहे, बहुतेक मजले ढासळलेले, आणि माडांच्या बागांत हरवलेले चर्चचे अवशेष. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. गाडी मुख्य रस्त्यावरच ठेवून पायी फिरा.

इथल्या शाळेच्या आवारात एक स्मारक आहे, अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं. त्व्हेर गावाहून निघालेला हा गृहस्थ १४६९ च्या सुमाराला एक घोडा विकायला घेऊन चौल बंदरात उतरला. वास्को द गामा यायला तेव्हा तीसेक वर्षं अवकाश होता. शाळा चालू असेल तर विचारून आत जा, मुलांच्या मधल्या सुट्टीत गर्दी करू नका.

मग कुंडलिका खाडीवरचा पूल. पूल ओलांडताना उजवीकडे खाडीचं मुख, पलीकडे कोर्लईचा डोंगर मगरीसारखा पाण्यात पसरलेला. समोर साळावचा लोखंडाचा कारखाना आणि मालाच्या गाड्या. आधी तो बिर्लांचा विक्रम इस्पात होता, आता जेएसडब्ल्यूकडे आहे. टेकाडावरचं पांढऱ्या संगमरवराचं गणपतीचं देऊळ बिर्लांच्याच काळातलं, लोक त्याला बिर्ला मंदिर म्हणतात. बाग नीटनेटकी, वरून खाडी छान दिसते. एका नजरेत एका काठावर पोर्तुगीज तट आणि दुसऱ्या काठावर कारखान्याच्या चिमण्या असं दृश्य या सगळ्या वाटेवर दुसरीकडे नाही. फोटो पुलावरून काढू नका, देवळाच्या आवारातून काढा.

साळावहून एक रस्ता सरळ रोह्याला जातो. तो आत्ताच बघून ठेवा, संध्याकाळी कामाला येईल.

कोर्लई

कोर्लईला जायचं की नाही हे घड्याळ बघून ठरवा. बारा वाजून गेले असतील तर किल्ल्याचा डोंगर सोडा आणि गावातून फक्त दीपगृहापर्यंत जाऊन या. गावातला रस्ता कोळीवाड्याच्या मधून जातो, घरांच्या ओट्यांना गाडी लागेल इतका चिंचोळा, त्यात जाळी पसरलेली आणि सुकट वाळत घातलेली. जाळ्यावर चाक घालू नका. मोठी गाडी असेल तर गावाबाहेर लावून चालत जा, पंधरा-वीस मिनिटांची वाट आहे आणि किनाऱ्याकाठची आहे. दीपगृहात परवानगी असेल तेव्हा तिकीट काढून वर जाता येतं, आणि किल्ल्याची वाटही तिथूनच चढते.

किल्ला निजामशाहीने उभारायला घेतला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. पण मला कोर्लईतली खरी ऐतिहासिक वास्तू वाटते ती इथली बोली. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजातून तयार झालेली एक भाषा बोलतात, नो लिंग, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, तट पडले, तोफा गंजल्या, बायका विहिरीवर मात्र त्याच भाषेत बोलत राहिल्या. चर्चजवळ थांबलात तर कानावर पडेल. मोबाइल काढून कोणाचं बोलणं टिपायला जाऊ नका, माणसं ती संग्रहालय नव्हेत.

काशिद: थांबा, पण गाडी वाळूत नको

काशिदची वाळू पांढरी, समुद्र निळा, म्हणून मुंबईकराला इथून हलवणं अवघड. अर्धा तास द्या. पाणी इथे ओढतं, कमरेच्या पुढे जाऊ नका. आणि गाडी सुरूच्या बनात ठेवा. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने नवी कोरी गाडी थेट ओल्या वाळूवर नेली, रीळ काढायचं होतं. चाकं रुतली, भरती सुरू झालेली. ट्रॅक्टरवाल्याने सांगितले तेवढे पैसे दिले, आणि पुढचा दिवस गाडी धुण्यात गेला. किनाऱ्यावर गाडी नेणं नियमातही बसत नाही.

काशिद ते मुरूड हा रस्ता दिवसातला सगळ्यात देखणा. डावीकडे फणसाड अभयारण्य, जंजिऱ्याच्या नवाबांचं जुनं शिकारीचं जंगल, आता शेकरूचं घर. उजवीकडे समुद्र. वळणं आंधळी आहेत, हॉर्न द्या. नांदगावचा सिद्धिविनायक वाटेतच, पाच मिनिटांत दर्शन.

मुरूड-राजपुरी: दुपारचं काम

मुरूडच्या वेशीवर डोंगरावर नवाबाचा राजवाडा दिसतो. तो खासगी आहे, फाटकाशी हुज्जत घालू नका. गावात घरगुती खानावळी आहेत. काशिदहूनच फोन करून ताटं सांगा, तांदळाची भाकरी, जे ताजं असेल ते मासे, सोलकढी. सुरमईचा हट्ट धरणाऱ्याला सुरमई मिळते, पण मांदेली आणि बोंबील विचारणाऱ्याला खानावळीची मावशी जास्त प्रेमाने वाढते, हा माझा अनुभव.

जेवून किनाऱ्यावर या आणि समुद्रात बघा. समोरचा किल्ला जंजिरा नव्हे, तो पद्मदुर्ग ऊर्फ कासा. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधला. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी वसवली असं त्यांच्या पत्रात म्हटलंय. आता सकाळची गोष्ट आठवा: कुलाब्याच्या तटात चुना नव्हता, इथे आहे, आणि असा की खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेले, चुन्याच्या रेषा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पुढे राहिल्या. हे जवळून बघायला वेगळी होडी आणि वेगळा दिवस लागतो.

तिथून चार-पाच किलोमीटरवर राजपुरी. गाडी धक्क्याच्या अलीकडेच लावा, शेवटची उतरण अरुंद आहे आणि वळायला जागा नाही. तीनपर्यंत पोचाच, साडेचार-पाचच्या पुढे होडी मिळेल या भरवशावर राहू नका. तिकीट काढून शिडाच्या होडीत बसा. होडीवाला किल्ल्यात साधारण पाऊण तास देतो, तो निघताना विचारून घ्या आणि त्याच होडीने परत या.

जंजिरा हा शब्द अरबी जझीरा वरून, म्हणजे बेट. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, हेच या किल्ल्याचं कसब. चढताना होडी लाटेवर वर-खाली होते. तांडेल हात देईल तेव्हाच पाय टाका, आधी नाही, आणि मोबाइल खिशात. दरवाज्यापाशी एका हिंस्र पशूने पंजांत हत्ती धरलेलं शिल्प आहे, मान वर करून बघा. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, पडके वाडे, आणि कलाल बांगडी, लांडा कासम, चावरी या तीन नामांकित तोफा. पाऊण तासात सगळं होत नाही, म्हणून आधी कलाल बांगडी, मग तलाव, मग तटावरून जमेल तेवढं.

होडीत सोबतचा माणूस किल्ल्याचा इतिहास तालासुरात सांगतो. त्यातला काही खरा, काही रंगवलेला. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा पुढारी, आणि तो दारूची पिंपं आणलेल्या व्यापाऱ्यांच्या वेषातल्या लोकांनी कपटाने घेतला, ही कथा तुम्ही ऐकालच. पुढे आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तो दगडात बांधला आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राखला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीच्या बाजूने समुद्रात दगडांचा सेतू टाकायला घेतला होता, मोगलांची स्वारी आली आणि काम अर्ध्यावर राहिलं. परतीच्या होडीत बसून ते अंतर डोळ्यांनी मोजा. साडेतीनशे वर्षांनी तुम्ही सकाळी अटल सेतूवरून काही मिनिटांत किती पाणी ओलांडलंत ते आपोआप आठवेल.

राजपुरीहून निघताना पाच-दहा मिनिटं खोकरीला थांबा. सिद्दींचे तीन घुमट आहेत, सगळ्यात मोठा सुरूलखानाचा. जाळीचं काम संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फार चांगलं दिसतं, आणि बहुतेक वेळा तिथे तुमच्याशिवाय कोणी नसतं.

परत

त्याच रस्त्याने अलिबागला जाऊन वडखळला अडकण्याची हौस नसेल, तर साळावपर्यंत मागे या, पुलावर न चढता रोह्याचा रस्ता धरा, आणि कोलाडला मुंबई-गोवा महामार्गाला लागा. पुण्याच्या लोकांना तर हीच वाट सोयीची. अंधारात या रस्त्यावर दिवे कमी आणि गुरं जास्त, साठच्या पुढे जाऊ नका. मुक्काम वाढवता येत असेल तर आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीने दिघीला उतरा, पुढे दिवेआगर-श्रीवर्धन आहेच. थंडीत आलात आणि मुक्काम केलात तर कोणाच्या तरी शेतात पोपटीचं आमंत्रण मिळवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, आणि वरून पेटवलेला जाळ. ते हॉटेलात मागू नका, ओळख काढून मिळवायचं असतं.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी वरून पुसून सोडू नका. खालचा भाग, चाकांच्या आतली बाजू आणि ब्रेकजवळची जागा गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्या, पायपुसण्या झटका, आणि डिकीत कांद्याची वेणी विसरलेली असेल तर ती काढून स्वयंपाकघरात टांगा.